समास

सीताबर्डीत, दुसऱ्या माळ्यावरच्या एसीत
मोनिश उके नावाचा मुलगा स्क्रीन उपटून दाखवतो.
"हा पाहा बाई, टॅबलेट. अन् हे जोडलं का लॅपटॉप."
कीबोर्डाचे पैसे वेगळे.
मी पुन्हा विचारते. वेगळे?
एकोणतीस वर्षं जिल्हा न्यायालयाच्या आवारात
ज्याच्यावर माझं घर चाललं
तो हे लोक वेगळा विकतात, पिशवीसारखा.

तो यादी वाचून राहिला:
आठ जीबी, सोळा जीबी, दोनशे छप्पन, पाचशे बारा,
पेन वेगळा, कव्हर वेगळं.
माझी बोटं आपोआप काउंटरच्या काचेवर चालू लागतात,
कोणी सांगत असलं की ती थांबत नाहीत.
"काम काय करता बाई तुम्ही?"
प्रतिज्ञापत्रं. वारसाचे अर्ज.
हरवलेल्या मार्कशीटा, बदललेली आडनावं,
जून-जुलैत गॅपवाली पोरं, रांगेनं.
"मंग आठ जीबी लय झालं."
मला जरासा राग येतो,
तो खरं बोलला याचा.

"हे बिनपंख्याचं आहे. आवाजच नाही."
मी त्याला आमचं टिनाचं शेड सांगते.
मे महिना, शेहेचाळीस,
चहावाल्याकडून ओढलेली वायर, दिवसाचे दहा रुपये.
पोरा, या गावात माणसं कूलरच्या ताट्या भिजवून जगतात
अन् तू मला बिनपंख्याचं देतो?
तो हसतो. "गरम झालं का स्वतःच हळू चालते नं बाई."
तेवढं तर मीही करते.

मांडीवर ठेवून पाहते.
मागची दांडी गुडघ्याशी घसरते,
माझी मांडी तिला चार बोटं कमी पडते.
बाकावर उभं राहील, बरं.
मराठी रेमिंग्टन चालते? चालते,
पण कळांवर अक्षरं छापलेली नाहीत.
नसू दे. माझ्या मशीनवरची
थोरलीच्या बारशाआधीच पुसली होती.

मग तो खाली पाहून सांगतो, जणू त्याचीच चूक:
"स्टोरेजचं कार्ड टाकता येते मागून.
रॅम नाही वाढत. बोर्डावरच डागलेली असते.
आता घ्याल तेवढीच."

इथे मी थांबते.
भोयर मास्तरांनी पहिल्या दिवशी एवढंच शिकवलं होतं:
ओळ नंतर, आधी समास.
डावीकडे दीड इंच सोड. कोर्टात फाइल शिवतात.
सुई अक्षरातून गेली
तर पक्षकाराचं अर्धं नाव दोऱ्याखाली जाते,
आणि पहिली ओळ उमटली
की मग समास हलत नाही.
किती कागद झाले असतील?
प्रत्येकाला कोरी जागा सोडली मी,
पुढे काय शिवायचं आहे हे माहीत नसताना.

सोळा, मी म्हणते.
स्टोरेज लहान. पंख्याचं दे.
कीबोर्ड तर पाहिजेच, त्यात विचारायचं काय.
तो कॅलक्युलेटर माझ्याकडे फिरवतो.
आकडा मी दोनदा वाचते,
नोटिशीतली तारीख वाचावी तसा.

"पेन?"
नको.
"ट्राय तर करा," म्हणून हातात देतोच.
काचेवर मी सही करते. पूर्ण.
कुंदा गणपत वारजूरकर.
इतकी वर्षं कागदाच्या तळाशी लोकांची नावं, अंगठे,
निळे गोल शिक्के,
माझी कोपऱ्यात दोन आद्याक्षरं,
तीही टाइप केलेली.
शेवटच्या 'र'ची शेपटी स्क्रीनच्या कडेला जाऊन आपटते.

मोनिश एका बोटानं पान पुसतो,
मागे दुसरं गिऱ्हाईक उभं आहे.
"पेन का, नंतर पण घेता येते बाई."
हो, मी म्हणते.
ते नंतर घेता येते.