नक्की माहीत नसेल तर

वडील नॉर्विचच्या इस्पितळात, नव्या खुब्यासह.
त्यांची वही माझ्या मांडीवर.
ऑगस्टचा शेवटचा आठवडा.
एकोणतीस वर्षांत एकही शुक्रवार कोरा नाही,
हे त्यांनी भूल देणाऱ्या डॉक्टरलाही ऐकवलं म्हणे.

सूचना फोनवर:
दिवा साडेआठला. पेटीत अंड्यांचे पुठ्ठे, उपडे.
कुंपणाच्या तिसऱ्या खांबाला काकवी फास,
तीत रम घाल. माझी नको, स्वस्तातली.
आणि शेजारच्या डोरीनला आधी सांगून ठेव.

सांगायचं राहिलं.
दहाला ती आली, गाऊनवर रेनकोट,
उजेडाबद्दल चार शब्द तयार ठेवून.
तिच्याच टॉर्चमध्ये तिसरा खांब आला
आणि त्यावर तळव्याएवढा काळपट पतंग,
काकवीत सोंड बुडवून, निवांत.
पुस्तक उघडून मी वाचलं, "म्हातारी."
"कोणाला म्हणतेस?" डोरीन म्हणाली.
पण गेली नाही.

पहाटे पाचला गवत ओलं
आणि रॉबिन माझ्याआधी हजर.
पायरीवर पंख, नुसते पंख,
दाणा काढून फेकलेल्या फोलपटांसारखे.
पुठ्ठ्यांच्या खळग्यांत उरले ते मोजले:
पिवळ्या अस्तराचे एकवीस,
खांद्यावर हळद सांडलेला एक,
एक हुबेहूब लाकडाची ढलपी,
आणि सात तपकिरी,
सातही वेगवेगळे तपकिरी.

नर्सनं फोन त्यांच्या कानाला लावून दिला.
"मूत्रपिंडासारखा ठिपका दिसतो का?"
दिसतो. म्हणजे, असावा.
पलीकडे एका ट्रॉलीचं चाक करकरत लांब गेलं.
"नक्की माहीत नसेल तर लिहू नकोस."

मग मी मागची पानं चाळली.
आई सामान घेऊन गेली तो शुक्रवार सापडला,
सत्त्याण्णवचा जून.
ढगाळ, वारा नाही, तापमान सोळा.
एकूण अठ्ठ्याऐंशी.
अक्षर नेहमीसारखंच, सरळ.
शेऱ्याचा रकाना रिकामा.

सातही तपकिरी मी आयव्हीच्या सावलीत सोडले,
वहीत धरले नाहीत.
म्हातारी, एक, असं लिहिलं.
शेऱ्यात लिहिलं:
पायरीवर पंख.
डोरीन, दहा ते पावणेबारा.
काकवी संपली.