आईचं आडनाव

केउलेचं पान चुरगाळलं
की वास बोटांना दिवसभर धरून राहतो.
एर्मेलिंदा म्हणाली, एप्रिलात ये, मुरंबा देईन.
मी फक्त सहा पानं घेतली,
सिलिकाच्या पुडीवर लिहिलं: तारीख, उतार,
आणि तिचं नाव, कायुपी साएस.
आधी बापाचं, मग आईचं.
आईचं, तिच्या मुलांपाशी येईतो गळालेलं.

कोन्सेप्सिओनला पान दळलं.
हरितलवकातली पोथी:
दीड लाखाच्या वर अक्षरं,
एक उतारा दोनदा, दुसऱ्यांदा उलटा.
परागाची सही कुठेच नाही.
आईनं लेकीला दिलेलं,
लेकीनं तिच्या लेकीला,
मधूनमधून एखादं अक्षर चुकवत.
त्या चुकांवरूनच तर नातं लागतं.

रात्रभर ताडून पाहिलं.
पहाटे पडद्यावर फांदी फुटली:
कुंपणालगतची निलगिरी फार लांबची,
जवळचे सगळे टास्मानियाच्या ओल्या रानात,
मध्ये अख्खा समुद्र.

एप्रिलात गेले.
आग निलगिरीतून उतरली होती.
एर्मेलिंदानं गेल्या सालची बरणी पुढे केली.
मी कागद उलगडला.
टास्मानियावर बोट ठेवून
तिनं विचारलं,
त्यांना कुणी कळवलं का?