उतरायले पाह्यजे

दिवसभर माझ्या हातात एक टर्बाइन असतंच.
हरभऱ्याएवढं चाक, वाऱ्यावर मिनिटाला तीन लाख फेरे.
मानेवाड्यातल्या माझ्या खुर्चीत लोक
त्याच्या आवाजानं मुठी आवळतात.
मला तोच आवाज मोठा करून
आभाळात हवा होता.

दोन वर्षं साठवले.
इंजिनासाठी साठ रूट कॅनाल,
सांगाड्यासाठी आणखी चाळीस
आणि एक अक्कलदाढ, जिचे पैसे
पेशंटनं अजून दिलेले नाहीत.

मनात लढाऊ विमान होतं,
टाचणीसारखं नाक, सुरीच्या पात्याचे पंख,
एकशे साठ न्यूटनचा जाळ.
चित्र घेऊन पाचपावलीत गेले, निमजेकाकांकडे.
हवाई दलात एकतीस वर्षं इंजिन फिटर.
त्यांनी चित्र उलटं ठेवलं, चष्मा पुसला.
"उतरवशील कुठी?"

उमरेड रोडला एक लेआउट आहे.
कमान आहे, बागेची पाटी आहे, डांबरी रस्ता आहे.
घरं नाहीत.
प्लॉट विकले गेले नाहीत, म्हणून आम्हाला धावपट्टी मिळाली.
रविवारी पहाटे आम्ही तिला खराट्यानं झाडतो,
कारण या इंजिनाची भूक आंधळी असते:
हवा, बाभळीचं पान, गिट्टीचा खडा,
सगळं एकाच तोंडानं.

"त्या रस्त्यावर हे सुरीचं पातं?
बाई, उडताना सारंच सुंदर दिसते.
पहिलं विमान पाहायले नाई,
उतरायले पाह्यजे."

मग जाड पंख आले, रुंद चाकं, ब्रेक.
शंभर न्यूटन म्हणजे दहा किलो जोर, मी म्हटलं.
"मे महिन्यात साडेआठ धर.
सत्तेचाळीस डिग्रीत हवा ताकावाणी पातळ होते.
अन् लिव्हर ढकललं की लगेच मागू नको.
पंख्याचं इंजिन हाकेले ओ देते.
हे ऐकते, विचार करते, मंग उठते."

रंग मात्र माझा.
उन्हाळ्यात इथलं आभाळ दुधासारखं होतं,
आणि पांढऱ्यात पांढरं शोधणं
हे तर माझं रोजचं काम,
सुट्टीच्या दिवशी नको.
पोटाखाली जांभळा दिला, गडद.

सांगाडा आला तेव्हा काकांनी
कार्बनच्या कापडावरून बोट फिरवलं.
त्यांचे वडील कोष्टी, हातमागावर लुगडी विणायचे.
"तिरपी वीण," ते म्हणाले,
"इथं एक धागा सुटला होता, भरून काढला त्यानं."
मला काहीच दिसलं नाही.

इंजिन जुनं मिळालं.
रायपूरच्या एका गृहस्थांनी मोतीबिंदूनंतर छंद सोडला होता.
वहीत नोंद: एकोणीस तास.
पंचविसाला सर्व्हिसिंग.
काकांनी ते तळहातावर घेतलं, लोणच्याच्या बरणीएवढं,
तोंडाशी धरलं आणि फुंकर मारली.
चाक फिरलं. फिरत राहिलं.

"काय म्हणते?" त्यांनी विचारलं.
तुम्हीच सांगा ना, मी म्हटलं.
त्यांनी कानाला हात लावला.
एकतीस वर्षं त्या गर्जनेच्या बाजूला उभं राहून
वरचे सगळे सूर गेले होते.
"मले फक्त फिरताना दिसते."

दुसरी फुंकर त्यांची. कान माझा.
शेवटच्या चार फेऱ्यांत, थांबता थांबता,
साखरेचा एक कण दाताखाली यावा तसं काहीतरी.
माझ्या ड्रिलचं बेअरिंग जायच्या आधी
अगदी हेच म्हणतं.

काकांनी वाद घातला नाही.
वही मिटली, इंजिन रुमालात गुंडाळलं.

ते आता बेअरिंगसाठी बंगळूरला गेलंय.
कधी येईल, सांगत नाहीत.
विमान दवाखान्याच्या वेटिंग रूममध्ये टांगलंय,
जांभळं पोट खाली, शेपटाकडे रिकामी नळी.
काल एक पोरगं गाल धरून त्याच्याखाली उभं होतं.
"याच्या मागं भोक काहून आहे?"

सांगते, मी म्हटलं.
आधी आ कर.