बाकी

जूनमध्ये ओढ्यावरचा पूल पाडला
आणि उद्यमनगरातला आमच्या शाळेपुढचा रस्ता बंद झाला.
वडाप नाही, केएमटी नाही,
कास्टिंग भरून कण्हत चढणारे टेंपो नाहीत.
आडवा पत्रा, पत्र्यावर कावळा,
पलीकडं गिऱ्हाईक तुटलेल्या दुकानदारांच्या शिव्या.

डिसेंबरात चौथी ब-ची चाचणी घेतली. भागाकार.
तपासताना लाल पेन मधेच थांबलं.
अलमासला वीसपैकी सतरा.
गेल्या वर्षी ही पोरगी तिसऱ्या गणितापाशी
खोकून खोकून बाकावर डोकं टेकायची
आणि मी शेरा मारायचे : लक्ष नाही.
जुनी वही काढली. एकोणतीस पोरं.
अठरा जणांपुढं माझ्याच अक्षरात : लक्ष नाही.

हेडसर म्हणाले, मोरबाळे मॅडम, कुठली नवी पद्धत?
पद्धत तीच. खडू तोच. मण्यांची माळही तीच,
तीन मणी गहाळ असलेली.
तरी शाल घेतली, नारळ घेतला.
खरं सांगते, दोन दिवस मलाही वाटलं,
जमतंय की आपल्याला.

तिसऱ्या दिवशी यशोदीप म्हणाला,
"बाई, कठड्यावर लिवायला येईना झालंय. धूळच न्हाई."
त्या काळ्या थरावर पोरं पाढे गिरवायची,
सकाळचा सातचा पाढा दुपारी बुजलेला असायचा.
मी बोट फिरवलं.
बोट बोटासारखंच राहिलं.

सरांना सांगितलं.
ते म्हणाले, पावसानं धुतलं असेल.
पाऊस तर दरवर्षी पडतो, सर.

फेब्रुवारीत पूल झाला. फीत, पेढे, भाषण.
टाळ्या वाजवायला पोरांना रांगेत उभं केलं
ते मीच.
पहिला ट्रक उसाचा. चढावर त्यानं गिअर बदलला
आणि पुढची रांग दिसेनाशी झाली.

आता खिडक्या लावल्या तर पोरं उकडतात,
उघडल्या तर फळा लांब जातो.
मार्चच्या रकान्यात शेरा लिहिलाय : रस्ता सुरू.
सर म्हणतात, हा काय शेरा झाला?

काल त्रेपन्न भागिले सहा दिलं.
अलमास उभी राहिली. "सहा आठे अठ्ठेचाळीस..."
आणि खोकला.
वर्ग थांबला. बाहेर हॉर्न थांबेना.
बाकी किती, मी विचारलं, हळू.
तिनं हातानंच थांबा म्हटलं,
खिडकीशी गेली,
कठड्यावर बोटानं पाच काढला.
माझ्या खुर्चीवरनं स्पष्ट दिसला.