काय घेतं, काय देतं

सावद्याच्या केळी-गोदामात, पत्र्याखाली,
जिथे मे महिन्यात कीबोर्डही चटका देतो,
सात वर्षांत मी एकेचाळीस आज्ञा लिहिल्या.
'घड', 'रास', 'गाडी', 'हजेरी', 'उद्या'.
नावं दिली. पोटात काय जातं ते नाही लिहिलं,
माझं मला ठाऊक होतं ना.
'गाडी' टाइप केलं, एंटर दाबलं, की चलन निघायचं
आणि ट्रक दिल्लीच्या वाटेला लागायचा.

मग फरीदा तडवी आली, पालची,
सातपुड्यातून रोज एसटीनं उतरणारी,
आणि पहिल्याच आठवड्यात म्हणाली,
"सर, ही 'रास' घेते काय? आणि देते काय?"

वजनं घेते, मी म्हणालो.
"आकडे की अक्षरं?"
आकडेच. म्हणजे, बहुधा.

तिनं मार्चमधली एक ओळ दाखवली.
वजनाच्या रकान्यात कुणीतरी लिहिलं होतं: साडेबारा.
'रास'नं ते गिळलं, ढेकरही दिला नाही,
बेरजेत शून्य धरून पुढे गेली.
साडेबारा क्विंटल कांदेबाग
दिल्लीत विकली गेली, आमच्या कागदावर
अजून झाडालाच आहे.

रात्री पंखा बंद करून बसलो, चलनं उडतात म्हणून.
प्रत्येक नावापुढे कंस,
कंसात जे आत येईल त्याचं नाव,
त्यापुढे विसर्गासारखे दोन ठिपके,
आणि ठिपक्यांपुढे कबुली.
वजन: दशांश. बाग: मजकूर. लोक: पूर्णांक.
मग बाण, आणि बाणापलीकडे
हातात काय पडेल ते.

'उद्या'पाशी अडकलो.
ती कधीच काही देत नव्हती,
कुठल्याशा फाइलीत खूण करून परत यायची.
बाणापुढे लिहिलं: काही नाही.
लिहायला बराच वेळ लागला.

चालवून पाहिलं. एकोणीस लाल ओळी.
काल एकही नव्हती. काल विचारत कोण होतं?

अठरा दुपारपर्यंत निवळल्या.
एकोणिसावी शेऱ्याची.
फरीदानं बांधलं होतं, शेरा: मजकूर,
आणि दोन वर्षांपूर्वीच्या एका शेऱ्यात
नुसता आकडा बसलेला. ७.
सात काय? खोके? तास?

मापाडी जिवराम झोप्यांना फोन लावला.
मागे मोटर चालू होती, ते ओरडूनच बोलत होते.
"कोन्ती तारीख म्हने?
हा, ते. त्या दिशी गाडीवर सात जन होतो.
हजेरी सहाचीच लागली.
मले कुठी लिहू समजे ना, मंग तठी लिहलं."
सातवा कोण?
"माह्या भाचा. नवा होता. आता सुरतले ऱ्हातो."

फरीदा काही बोलली नाही.
'हजेरी' उघडली. लोक: पूर्णांक होतं,
ते खोडून केलं, लोक: नावांची यादी.
एका दिवसाची मजुरी आणि सुरतचा नंबर
चिठ्ठीवर लिहून मालकाच्या काचेखाली सरकवला.
अजून तिथेच आहे.

शेऱ्याची गाठ मी परत सैल केली.
शेरा: काहीही.
तिनं वर हॅशची खूण करून
यंत्र वाचत नाही अशी एक ओळ टाकली:
हे मुद्दाम आहे. दुरुस्त करू नये.