ड्रायव्हरच्या बाजूचं दार

सॅगिनॉच्या उत्तरेला, साखरबीटच्या शेतांपलीकडे,
कोठारात ताडपत्रीखाली ती उभी होती:
आल्फा रोमिओ, चौसष्टची, दोन माणसांपुरती.
लाल म्हणावी, तर धूळ म्हणते थांब.

मी किंमत ठरवते. हाच माझा धंदा.
आधी गुडघे टेकते, गंज बघायला,
मग चाकांवरच्या कमानी, दारांखालच्या पट्ट्या,
इंजिनावरचा नंबर, चासीवरचा नंबर.
पत्रिका जुळली. छत्तीसच्या छत्तीस.

काट्यावर अकरा हजार दोनशे मैल.
"साठ वर्षांत एवढेच?"
क्लेमेन्स विट्कोव्स्की उलट्या बादलीवर बसलेला,
वय सत्त्याऐंशी, कानात यंत्र.
म्हणाला, "रात्रीच चालवायचो."

तेहतीस वर्षं ओतशाळेत होता तो.
डेट्रॉइटच्या गाड्यांची इंजिनं ओतायची,
भुवया जळायच्या, पुन्हा उगवायच्या.
कारखान्याच्या फाटकावर पाटी:
परदेशी गाडी इथे लावाल तर
पुढचं तुमचं तुम्ही बघा.
आणि या पठ्ठ्यानं घर घ्यायला साठवलेल्या पैशांत
मिलानची गाडी आणली.

"का घेतलीत?"
त्यानं मला बॉनेट उघडायला लावलं,
ॲल्युमिनियमच्या ब्लॉकवर बोट फिरवलं.
"शिवण शोध. साच्याचे दोन भाग भेटतात तिथली.
आम्ही तासन् तास कानस मारायचो.
यांचं ओततानाच असं.
कुणाचा तरी हात आहे हा.
एक दिवस त्याच्या शेजारी उभं राहायचं होतं मला."

मी लिहिलं: इंजिन मूळ, उत्तम.
फार कमी चाललेली, म्हणून चाळीस टक्के वर.
लपवाछपवीला एवढा भाव येईल
हे त्याला तरी कुठे ठाऊक होतं!

मग चुंबक, मऊ फडक्यात गुंडाळलेलं.
पत्रा असेल तर धरून बसतं,
लांबी भरलेली असेल तर ओळखच देत नाही.
नाकावर बसलं. डिकीवर बसलं. उजव्या दारावर बसलं.
डाव्या दाराच्या मुठीखाली, वीतभर जागेत,
टप्पकन पडलं.
पुन्हा लावलं. पुन्हा पडलं.

"एकाहत्तर साल," तो म्हणाला.
"बायकोला कळा सुरू झाल्या. मला न्यायला
ती हीच घेऊन फाटकाशी आली, भर दुपारी.
कारखान्याच्या अँब्युलन्सनं आम्ही गेलो,
ही राहिली तिथेच, रात्रभर.
सकाळी बघतो तर दारात पहारीचा खड्डा."

कोणी मारली?

"स्टॅन बुगाय. बॉडी शॉपचा.
तिसऱ्या रविवारी घरी आला,
हातात लांबीचा डबा, खिशात पॉलिशपेपर.
'मुलगी झाली म्हणे,' एवढंच बोलला
आणि अंधार पडेपर्यंत घासत बसला.
रंग मात्र असा जुळवला हरामखोरानं,
तुलासुद्धा चुंबक लागलं."

मी आकडा सांगितला:
दारापायी अठराशे डॉलर कमी.
खोकला येईपर्यंत हसला तो.
"अठराशे! स्टॅननं सहा बाटल्या बिअर घेतली होती,
त्यातल्या दोन मीच प्यायलो."

घेणारा शिकागोचा आहे.
ते दार तो पार उघडं करणार,
लांबी खरवडून आत नवा पत्रा जोडणार,
तसं त्यानं मला कळवलंय.
हे काही मी बोलले नाही.
ताडपत्रीचं एक टोक त्यानं धरलं, एक मी.