दोन सूत

अंबडला टूलरूममध्ये सव्वीस वर्षं
मी मायक्रॉन घासले.
केसाच्या विसाव्या भागासाठी जॉब नापास करणारा माणूस,
आणि गच्चीवरची माझी पहिली भिंत
दोन सूत बाहेर.

पलीकडच्या गल्लीतला खैरनार मिस्त्री
ओळंबा सोडून बघत राहिला, मग हसला.
"असू द्या भाऊसाहेब, गिलाव्यात खपून जाईल."
चहा पिऊन गेला.

सिडकोची दोन खोल्यांची योजना.
गल्लीतलं प्रत्येक घर आपापल्या परीनं वर गेलेलं,
कुणाचा सज्जा कुणाच्या नारळात शिरलेला.
आमचंच डोकं बोडकं होतं.
मजुरीचा आकडा ऐकला आणि म्हटलं, मीच करतो.
मंदा म्हणाली, "आधी मोरीतला नळ गळतो तो बघा."

शनिवारी कंपनीला सुट्टी.
पाहाडाला बांबू नव्हते,
द्राक्षाचे क्रेट एकावर एक, वर फळी.
कॉलमला गुंडाळायला कांद्याची गोणपाटं,
पिंपळगावहून साडूनं पाठवलेली;
भिजली की जिनाभर कांदाचाळीचा वास.
डिसेंबरात पहाटे सहाला पाणी मारायचं.
बोटं विटेसारखी, कानटोपीवर सिमेंट.
समोर पांडवलेण्यांचा डोंगर:
त्यांचं बरं होतं,
नुसतं काढतच जायचं होतं.

खोली कुणासाठी, गल्लीनं विचारलं.
"अडगळीसाठी," मंदा सांगायची.
गांगुर्डे वहिनींनी मान वर करून
अडगळीची खिडकी नीट मोजून घेतली.

तेजल पुण्याहून आली
ती दोन बॅगा आणि एक मिक्सर घेऊन.
मिक्सर माझा आहे, हे तिनं दोनदा सांगितलं.
पुढं कुणी काही विचारलं नाही.
मी तर नाहीच.
मला फक्त मापं विचारता येतात.

तिसऱ्या शनिवारी तिला म्हटलं, नळी धर.
दहा मीटर पारदर्शक नळी, पाण्यानं भरलेली.
भिंतीच्या पलीकडे ती, अलीकडे मी,
मधे नऊ इंच वीट,
एकमेकांची तोंडं दिसत नाहीत.
"आधी बुडबुडा काढ," मी ओरडलो,
"बुडबुडा राहिला की पाणी खोटं सांगतं."
ती नळीला टिचक्या मारत राहिली.
बराच वेळ.
"आहे एक. वळणात अडकलाय."
"घाई नको."
"बाबा."
"हं."
"तो हात उगारायचा."

पाणी वरखाली झालं.
नळी तिच्याकडे हलली की माझ्याकडे, कळलं नाही.
मी तोंडावर अंगठा दाबून धरला,
जो लेव्हल घेताना कधी दाबायचा नसतो;
आतली हवा कोंडते, पाणी जागचं हलत नाही,
आणि आपल्याला वाटतं, झालं सगळं समपातळीत.

"थांबलं का?" तिनंच विचारलं.
अंगठा काढला.
पाणी थोडं चढलं, थोडं उतरलं.
"थांबलं. खूण कर."
पलीकडे पेन्सिल विटेवर घासल्याचा आवाज आला.
मग मी माझ्या बाजूला रेघ मारली.

परवा भद्रकालीतून कडीकोयंडा आणला.
तिनं पिशवी उपसून पाहिली.
"कडी आतून लावा. कुलूप माझं मी आणीन."
दारापाशी फरशीचा आडवा तुकडा उरला होता,
तो तिनंच कापला.
माझ्याहून सरळ. मी बोललो नाही,
पण पट्टी लावून बघितली.

भिंत आहे तशीच आहे.
गिलाव्यात खपली नाही, दोन सूत ती दोन सूत.
कपाट टेकवलं की वरच्या अंगाला
चिमूटभर फट राहते.
तेजल तिथं
मिक्सरचं गॅरंटी कार्ड खोचून ठेवते.